‘मंगोल’ ते ‘डाउन’ : एका संज्ञेचा आणि एका आकड्याचा इतिहास

१. विषयप्रवेश

वैद्यकातील संज्ञांचा इतिहास हा सामान्यतः वैद्यकाच्या इतिहासकारांचा प्रांत समजला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पाऊल टाकावयाचे, तर त्याचे कारण आरंभीच सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखिकेचे लक्ष या विषयाकडे वेधले ते एका घरगुती प्रसंगामुळे. नात्यातील एक स्त्री वयाच्या चाळिसाव्या वर्षी गर्भवती असता तपासणीसाठी गेली. तेथे तिला एवढेच सांगण्यात आले की, “या वयात धोका असतो.” धोका कशाचा, किती आणि कोणाला, याविषयी काही सांगितले गेले नाही. घरी परतल्यावर वडीलधाऱ्यांनीही ते विचारले नाही. ‘धोका’ हा एकच शब्द घरात फिरत राहिला आणि त्याच्या पाठोपाठ “या वयात हे हवे होते कशाला?” हा प्रश्न येऊन बसला. वास्तविक त्या वयाला लागू पडणारा आकडा सुमारे शंभरात एक असा होता. म्हणजे शंभर गर्भारपणांपैकी नव्व्याण्णवांत ती विशिष्ट स्थिती उद्भवणार नव्हती. हा आकडा त्या घरात पोहोचलाच नाही. पोहोचला तो शब्द, आणि शब्दाबरोबर दोष.

आकडा मागे राहावा आणि शब्द पुढे जावा, हे त्या एका घरापुरते घडलेले नाही. ज्या स्थितीला आज ‘डाउन लक्षणसमूह’ म्हणतात, तिच्या ज्ञात इतिहासात ते दीडशे वर्षे घडत आले आहे. या इतिहासाचे दोन धागे आहेत. पहिला धागा नावाचा : १८६६ साली दिलेले एक वांशिक नाव, त्याचे शंभर वर्षांचे राज्य आणि त्याची उचलबांगडी. दुसरा धागा आकड्याचा : मातेचे वय आणि ही स्थिती यांतील संबंध. तो प्रथम कसा दिसला, कसा चुकीचा वाचला गेला आणि शेवटी कसा नीट मोजला गेला. हे दोन्ही धागे एकत्र पाहिले असता असे आढळते की, चुकीच्या नावाने कारणाचा आभास निर्माण केला आणि अर्धवट वाचलेल्या आकड्याने दोषाचा. या दोन्ही आभासांतून सुटका झाली ती काळजीपूर्वक मोजणीने. हेच या निबंधाचे प्रतिपाद्य आहे. वैद्यकीय सल्ला देणे हा येथे हेतू नाही.

२. १८६६ चे नामकरण

जॉन लँग्डन डाउन (१८२८–१८९६) हे इंग्लंडमधील सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथील मानसगृहाचे १८५८ पासून वैद्यकीय अधीक्षक होते. जन्मतः मंदबुद्धी मानल्या गेलेल्या व्यक्तींना तेथे ठेवण्यात येई. डाउन यांनी या व्यक्तींची मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, आणि १८६६ साली लंडन हॉस्पिटलच्या अहवालग्रंथात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. जडबुद्धींचे वांशिक वर्गीकरण हा त्याचा विषय. गटिंगेनचे ब्लूमेनबाख यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मानवजातीचे जे पाच वंश कल्पिले होते, ते डाउन यांच्यासमोर होते. आपल्या संस्थेतील युरोपीय मातापित्यांच्या मुलांतही या निरनिराळ्या वंशांचे ‘नमुने’ दिसतात, असे त्यांचे मत. त्यांतील एका गटातील मुलांचे परस्परांशी इतके साम्य होते की, ती एकाच आईबापांची वाटावीत. चेहऱ्याची ठेवण व डोळ्यांची घडण पाहून डाउन यांनी या गटाला ‘मंगोलियन’ म्हटले.

येथे न्याय्यपणे दोन गोष्टींची नोंद केली पाहिजे. पहिली, डाउन यांचे वर्णन सूक्ष्म आणि पुष्कळ अंशी सहृदय होते. ही मुले उत्तम नकला करतात, त्यांना विनोदाची जाण असते, शिक्षणाने त्यांची प्रगती होते, हे त्यांनी नमूद केले आहे. दुसरी, त्यांचा निष्कर्ष त्या काळाच्या मानाने उदार होता. आजारामुळे एका वंशाच्या मातापित्यांना दुसऱ्या वंशाच्या वळणाचे मूल होऊ शकत असेल, तर वंशांमधील भिंती अभेद्य नाहीत आणि मानवजात एकच आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. परंतु उदार हेतूने घडविलेली संज्ञाही आपल्या पोटातील गृहीतक पुढे वाहून नेते. ‘मंगोलियन’ या शब्दात असे गृहीत धरले होते की, पृथ्वीवरील एका जनसमूहाची सहज मुखाकृती म्हणजे दुसऱ्या समूहातील अवनतीची खूण होय. लेखकाचा उदार निष्कर्ष लवकरच विस्मृतीत गेला. नाव मात्र राहिले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे नाव उपमेतून जन्मले होते. उपमा ‘असे दिसते’ एवढेच सांगते. परंतु ती संज्ञापदी चढली की ‘असे आहे’ म्हणू लागते. फ्रान्समध्ये सेगँ यांनी १८४६ सालीच अशा एका मुलाचे वर्णन करून त्याला त्वचेच्या कोंड्यासारख्या स्वरूपावरून नाव दिले होते. ते नाव रुजले नाही. त्वचेवरून पडलेले नाव कारणाविषयी काहीच सांगत नाही, वंशावरून पडलेले नाव मात्र कारण सांगितल्याचा भास निर्माण करते. रुजले ते दुसरे. या भासाचे टोक गाठले गेले १९२४ साली, जेव्हा क्रुकशँक या इंग्रज वैद्याने आपल्या ग्रंथात या साम्यावरून मानववंशांच्या निरनिराळ्या उत्पत्तीची कल्पना रचली. डाउन यांनी मानवजातीची एकता सिद्ध करण्यासाठी वापरलेला शब्द अठ्ठावन्न वर्षांत तिच्या विभाजनासाठी वापरला गेला.

कारणाविषयी स्वतः डाउन यांचा तर्क असा होता की, मातापित्यांचा क्षयरोग याच्या मुळाशी असावा. पुढे कोणी उपदंश सांगितला, कोणी मद्यपान. प्रत्येक तर्काची दिशा एकच होती : मूल असे आहे, त्या अर्थी आईबापांकडून काही घडले असले पाहिजे.

३. वय, अपत्यक्रम आणि ‘थकव्या’ची कल्पना

१८७६ साली फ्रेझर आणि मिचेल या स्कॉटिश वैद्यांनी आपल्या पाहणीच्या आधारे एक निराळी गोष्ट नोंदविली : अशा मुलांच्या माता पुष्कळदा वयस्क असतात. त्यांनीही वांशिक शब्दच वापरला. फक्त ‘मंगोल’ ऐवजी ‘काल्मुक’. तथापि पुढील संशोधनाच्या दृष्टीने त्या पाहणीतील महत्त्वाची गोष्ट तिच्या शीर्षकात नसून वयाच्या नोंदीत होती. पुढे शटलवर्थ यांनी १९०९ साली दाखविले की, यांपैकी बरीच मुले मोठ्या कुटुंबांतील शेवटची अपत्ये असतात. अशा मुलांना त्यांनी ‘अपूर्ण राहिलेली मुले’ असे म्हटले. आईची प्रजननशक्ती अनेक बाळंतपणांनी थकली, म्हणून गर्भाची घडण पुरी झाली नाही, अशी ही कल्पना.

मराठीत शेवटच्या अपत्याला ‘शेंडेफळ’ म्हणतात. झाडाच्या शेंड्याला सर्वांनंतर आलेले फळ. आणि या शब्दात लाडच अधिक आहे. निरीक्षण एकच, पण एका भाषेने त्याला कौतुकाचे नाव दिले, आणि एका शास्त्राने अपुरेपणाचे. यावरून मराठी समाज वयस्क मातेविषयी अधिक उदार होता असे मात्र समजण्याचे कारण नाही. सून गरोदर असताना सासूलाही दिवस गेले, तर त्यावर होणारी कुजबुज आपल्या परिचयाची आहे. सांगावयाचे एवढेच की, वस्तुस्थितीचे निरीक्षण आणि तिचे नाव यांच्यामध्ये नेहमी एक निवड असते, आणि ती निवड निरीक्षणातून आपोआप निघत नाही.

‘थकव्या’च्या कल्पनेत शास्त्रीय दृष्ट्याही मोठी अडचण होती. आठवे अपत्य जन्मते तेव्हा आई बेचाळीस वर्षांची असते, बाप सत्तेचाळिसांचा, आणि अपत्यक्रम आठवा. या तीन गोष्टी एकमेकींबरोबरच वाढतात. मूल डाउन लक्षणसमूहाचे असेल, तर त्याचे श्रेय कशाला द्यावयाचे? आईच्या वयाला, बापाच्या वयाला, की बाळंतपणांच्या संख्येला? नुसत्या अनुभवाने या तिन्ही गोष्टी सुट्या होत नाहीत. पन्नास वर्षे त्या सुट्या झाल्या नाहीत. आणि त्या अवधीत थकलेल्या आईचे चित्र मात्र पक्के होत गेले.

४. पेनरोज यांची उकल

हा गुंता सोडविला लायोनेल पेनरोज यांनी. ते १९३१ पासून इंग्लंडमध्ये कॉल्चेस्टर येथील संस्थेत मंदबुद्धी व्यक्तींचे सर्वेक्षण करीत होते. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या सर्वेक्षणात १,२८० व्यक्तींचा समावेश होता. १९३३ साली त्यांनी दीडशे कुटुंबांची माहिती घेऊन मातेचे वय आणि पित्याचे वय यांचा सापेक्ष परिणाम तपासला, व १९३४ साली मातेचे वय आणि अपत्यक्रम यांचा.

त्यांची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. मातेचे वय स्थिर धरावे, म्हणजे समान वयाच्या मातांचीच तुलना करावी, आणि मग पित्याचे वय कमीअधिक झाल्याने काही फरक पडतो का, ते पाहावे. फरक जवळजवळ नाहीसा होतो. उलट पित्याचे वय स्थिर धरून मातेचे वय बदलत गेले, तर फरक कायम राहतो. हीच तुलना अपत्यक्रमाविषयी केली असता असे दिसते की, वयाचा भाग बाजूला काढल्यावर अपत्यक्रमाला स्वतंत्र महत्त्व उरत नाही. बेचाळिसाव्या वर्षी पहिलटकरीण असलेली स्त्री आणि त्याच वर्षी आठव्यांदा बाळंत होणारी स्त्री, या दोघींच्या बाबतीत संभाव्यता सारखीच.

या निष्कर्षाचे महत्त्व संख्याशास्त्रापुरते मर्यादित नाही. बाळंतपणांची संख्या निरर्थक ठरताच ‘थकलेल्या गर्भाशया’ची कल्पना कोसळली. क्षय, उपदंश, मद्यपान यांनाही येथे जागा उरली नाही, कारण वयाबरोबर अशा रीतीने वाढत जाणारा आलेख त्यांच्याने समजावून देता येत नव्हता. पेनरोज यांनी मातेच्या वयाकडे बोट दाखविले आणि त्याच कृतीने मातेच्या वर्तनावरील बोट काढून घेतले, हे येथे आवर्जून ध्यानात घेतले पाहिजे. लोकव्यवहारात मात्र यातील पहिली अर्धी गोष्टच पसरली. वय उरले, दोषमुक्ती गळून गेली.

पेनरोज यांना शब्दांचे वजन चांगले कळत होते. १९४५ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॅल्टन यांच्या नावे असलेल्या सुप्रजाशास्त्राच्या अध्यासनावर आले. सुप्रजाशास्त्र ही विद्या कोणी जन्मावे व कोणी जन्मू नये हे ठरवू पाहत होती, आणि पेनरोज यांना ती मान्य नव्हती. त्यांच्या संपादकत्वाखाली तेथील संशोधनपत्रिकेच्या नावातील ‘सुप्रजाशास्त्र’ हा शब्द १९५४ साली काढण्यात आला व ‘मानवी आनुवंशिकी’ हा शब्द आला.

५. सत्तेचाळिसावे गुणसूत्र

वयाचा संबंध सिद्ध झाला, तरी यंत्रणा अज्ञात होती. डच नेत्रवैद्य वार्डेनबर्ग यांनी १९३२ सालीच सुचविले होते की, गुणसूत्रांच्या विभागणीतील चूक हे कारण असावे. परंतु मानवी गुणसूत्रे किती, हेच त्या वेळी चुकीचे ठाऊक होते. ती ४८ मानली जात. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे च्यो आणि लेव्हान यांनी ती ४६ असल्याचे दाखविले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत पॅरिसमध्ये लझन, गोतिए आणि तुर्पँ यांनी डाउन लक्षणसमूहाच्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे असल्याचे १९५९ च्या जानेवारीत जाहीर केले. एकविसाव्या जोडीत दोनांऐवजी तीन गुणसूत्रे होती. त्याच वर्षी एडिंबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले.

नावांच्या इतिहासात येथे एक कडवट पोटप्रकरण आहे. पॅरिसमधील पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली होती ती मार्त गोतिए यांनी; पण पहिल्या टिपणात लझन यांचे नाव प्रथम आले, आणि गोतिए यांचे आडनाव चुकीचे छापले गेले. त्यांच्या वाट्याची सार्वजनिक दखल पुढे पन्नासाहून अधिक वर्षांनी घेतली गेली. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

आता वयाचा प्रश्न उलगडतो. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी आयुष्यभर नव्याने बनत राहतात. स्त्रीची बीजे मात्र ती स्वतः आपल्या आईच्या उदरात असतानाच तयार होतात. त्यांचे अर्धसूत्री विभाजन तेव्हाच सुरू होते, मध्येच थांबते आणि ते बीज ज्या महिन्यात परिपक्व होईल त्या महिन्यात पुन्हा चालू होते. चाळिसाव्या वर्षी परिपक्व होणारे बीज चाळीस वर्षे थांबलेले असते. या दीर्घ प्रतीक्षेत गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने क्षीण होत जातात. परिणामी जोडीतील दोन गुणसूत्रे कधी कधी विलग न होता एकाच बीजात जातात. एकविसाव्या गुणसूत्राच्या बाबतीत अशा चुकांपैकी सुमारे नव्वद टक्के मातेच्या बीजात घडतात. हा काळाचा परिणाम आहे, कर्माचा नव्हे. ज्या प्रतीक्षेचे घड्याळ स्त्रीच्या जन्माआधीच सुरू झाले, तिच्यासाठी तिला जबाबदार धरता येत नाही.

याच सुमारास दुसरीही गोष्ट उघड झाली. १९६० साली पोलानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी एक मुलगी वर्णिली की, जिची गुणसूत्रे ४६ च होती. एकविसाव्याचा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला होता. अशी उदाहरणे तीन-चार टक्के असतात आणि त्यांचा मातेच्या वयाशी संबंध नसतो. ती कधी कधी कुटुंबात वारशाने येतात, आणि तो वारसा पित्याकडूनही असू शकतो.

६. नावाची उचलबांगडी

कारण सापडले तसे जुने नाव अधिकच विसंगत झाले. एकविसाव्या गुणसूत्राला मंगोलियाशी काय कर्तव्य? जपानी किंवा चिनी बालकालाही तीच स्थिती असू शकते; आणि त्याला ‘मंगोल’ म्हणणे केवळ अपमानास्पद नव्हे, निरर्थकही होते. १९६१ साली सुमारे वीस शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहून वांशिक नाव सोडण्याची मागणी केली. सह्या करणाऱ्यांत पेनरोज आणि लझन होते. पर्यायी नावे त्यांनीच सुचविली होती : काही डाउन यांच्या नावावरून, एक शरीरलक्षणावरून, एक गुणसूत्रावरून. संपादकांनी ‘डाउन’ हे नाव स्वीकारले. १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या आक्षेपानंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनी संज्ञा सोडली. ज्या जनसमूहाचे नाव शंभर वर्षे परस्पर वापरले गेले होते, त्याने ते परत मागितले.

पर्यायांपैकी ‘एकविसाची त्रयी’ अशा अर्थाचे नाव कारण सांगणारे होते. निवडले गेले ते व्यक्तिनाम. वरवर पाहता हे मागे जाणे वाटते. परंतु व्यक्तिनामाचा एक गुण असा की, ते काहीच सुचवीत नाही. मात्र इंग्रजीत ‘डाउन’ या उच्चाराचा ‘खाली’ असाही अर्थ असल्याने लोकांच्या मनात ते नाव पुन्हा वर्णनपर होऊ लागते. खालच्या पायरीवरचे मूल, असा गैरसमज आपल्याकडील सुशिक्षितांतही आढळतो. लोकव्युत्पत्ती कोणत्याही संज्ञेला मोकळे सोडत नाही. याच्या उलट एक बोलके उदाहरण म्हणजे २१ मार्च हा दिवस. एकविसावे गुणसूत्र तीन वेळा, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांनी तो जागतिक डाउन लक्षणसमूह दिन म्हणून मान्य केला आहे. येथे आकडाच नाव झाला आहे, आणि त्यात कोणाचाही अवमान नाही.

७. पस्तिशीची रेषा

१९६६ साली अमेरिकेत गर्भजलातील पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे मोजता येतात असे सिद्ध झाले, आणि १९६८ साली या मार्गाने डाउन लक्षणसमूहाचे पहिले जन्मपूर्व निदान झाले. आता प्रश्न आला तो असा की, ही परीक्षा कोणाला देऊ करावयाची?

वयानुसार संभाव्यता अंदाजे अशी आहे : विसाव्या वर्षी सुमारे १,५०० त एक, तिसाव्या वर्षी ९०० त एक, पस्तिसाव्या वर्षी ३५० त एक, चाळिसाव्या वर्षी १०० त एक, पंचेचाळिसाव्या वर्षी ३० त एक. हा चढ अखंड आहे. पस्तिसाव्या वाढदिवशी त्यात कोणतीही पायरी नाही. १९७० नंतर पस्तीस ही रेषा रूढ झाली ती दोन व्यावहारिक कारणांनी. प्रयोगशाळा थोड्या होत्या. आणि सुई घालून गर्भजल काढण्याने गर्भपात होण्याची जी शक्यता त्या वेळी मानली जात होती, तिची या वयातील संभाव्यतेशी जवळपास बरोबरी होई. रेषा सोयीची होती. लोकांनी ती निसर्गाची मानली. २००७ साली अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने प्राथमिक तपासणी सर्व वयांच्या गर्भवतींना देऊ करावी अशी शिफारस केली, तेव्हा ती रेषा तेथे अधिकृतपणे पुसट झाली.

या शिफारशीमागील गणित समजून घेण्यासारखे आहे. केवळ उदाहरणादाखल एक लाख जन्म घेऊ. त्यांतील ९५ हजार तरुण मातांचे आणि ५ हजार चाळिशीच्या आसपासच्या मातांचे आहेत असे मानू. पहिल्या गटात हजारात एक, दुसऱ्यात शंभरात एक हे प्रमाण धरले, तर पहिल्या गटात ९५ आणि दुसऱ्यात ५० बालके डाउन लक्षणसमूहाची असतील. प्रत्येक स्त्रीपुरते पाहिले तर चाळिशीतील संभाव्यता दहापट. समाजापुरते पाहिले तर अशा मुलांच्या बहुसंख्य माता तरुणच. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ‘वयस्क आईचे मूल’ हे चित्र तरुण मातांवरही अन्याय करते. कारण ज्या तरुण मातेला असे मूल होते, तिला समाज दुसरे एखादे ‘कारण’ शोधून देतो.

परीक्षेच्या साधनांचा पुढील इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १९८८ साली लंडनमध्ये मातेच्या रक्तातील तीन द्रव्ये आणि वय यांचा एकत्र विचार करणारी चाचणी मांडली गेली. १९९२ पासून गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी ध्वनिलहरींनी मोजण्यात येऊ लागली. १९९७ साली डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाचा आनुवंशिक अंश मातेच्या रक्तद्रवात सापडतो हे दाखविले, आणि २०११ पासून त्यावर आधारलेली रक्तचाचणी उपलब्ध झाली. ही चाचणी चाळणीसारखी आहे, अंतिम निदान नव्हे. तीत संशय आल्यास गर्भजल अथवा वार यांतील पेशींची परीक्षा करूनच निश्चिती करावी लागते.

८. महाराष्ट्रातील प्रकरण

भारतात गर्भजल परीक्षा आली ती १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास, दिल्लीत, आणि गर्भातील आनुवंशिक विकृती ओळखण्याच्या हेतूने. परंतु गुणसूत्रे मोजणाऱ्याला गर्भाचे लिंगही कळते. लवकरच ही परीक्षा मुख्यत्वे मुलगी ओळखून गर्भपात करण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईत स्त्रीसंघटनांनी व इतर कार्यकर्त्यांनी १९८० नंतरच्या दशकात त्याविरुद्ध चळवळ केली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने या परीक्षांचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला.

या कायद्याने परीक्षा ज्या कारणांसाठी करता येते ती मोजून दिली. त्यांत गुणसूत्रांतील विकृतीचा शोध हे एक कारण आहे. आणि ज्या स्त्रियांच्या बाबतीत ती करता येते त्यांच्या अटींत ‘पस्तीस वर्षांहून अधिक वय’ ही एक अट आहे. पश्चिमेकडील प्रयोगशाळांच्या सोयीसाठी आखलेली रेषा अशा रीतीने आपल्या विधिग्रंथात येऊन स्थिरावली.

शब्दाच्या अर्थावरही या घडामोडीचा परिणाम झाला. ‘गर्भजल परीक्षा’ हा मराठी शब्द मूळचा निरुपद्रवी. गर्भाच्या भोवतीच्या पाण्याची परीक्षा, एवढाच त्याचा अर्थ. १९८० नंतरच्या वृत्तपत्रीय मराठीत मात्र तो ‘गर्भलिंगनिदान’ याचा जवळजवळ पर्याय झाला. अर्थसंकोचाचे असे ठळक उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलेले क्वचित सापडते. त्याचा परिणाम असा की, चाळिशीतील एखादी गर्भवती ही परीक्षा करून घेण्याचे बोलली तर ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम संशय उभा राहतो, आणि तिला आपला हेतू समजावून सांगावा लागतो. दोषी कोण, या प्रश्नाचा भार पुन्हा स्त्रीवरच.

९. समारोप

या इतिहासातून ‘परीक्षा करावी की करू नये’, ‘गर्भ ठेवावा की ठेवू नये’ यांचे उत्तर निघत नाही. ते इतिहासाचे कामही नव्हे. लझन यांना आपल्या शोधाचा उपयोग गर्भपातासाठी व्हावा याचे आयुष्यभर दुःख वाटले. इतर अनेकांना जाणून निर्णय घेण्याचा अधिकार मोलाचा वाटतो. हा मतभेद प्रामाणिक आहे. परंतु निर्णय कोणताही असो, तो ज्या माहितीवर घ्यावयाचा ती माहिती स्थिर नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. डाउन लक्षणसमूह असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षे होते. आज ते ६० च्या आसपास आहे. गुणसूत्र बदललेले नाही. बदलले ते हृदयावरील शस्त्रक्रियेची उपलब्धता, शिक्षण, आणि अशा मुलांना संस्थांच्या भिंतींआड न ठेवता घरी वाढविण्याची रीत. १९०५ साली लँग्डन डाउन यांच्याच घराण्यात, त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, त्यांचा एक नातू या स्थितीसह जन्मला. नाव देणाऱ्याच्या वंशाने ते नाव पेलले.

शेवटी पुन्हा ‘धोका’ या शब्दाकडे वळू. मराठीत धोका म्हणजे संकट. हिंदीत त्याचेच भावंड फसवणुकीच्या अर्थाने वावरते. दोन्ही अर्थांत एक शत्रू गृहीत आहे : कोणीतरी दबा धरून बसलेला. शास्त्राला येथे जे सांगावयाचे आहे, त्यात शत्रू नाही. शंभरांतून एक, एवढे प्रमाण आहे. त्यासाठी मराठीत ‘संभाव्यता’ हा काटेकोर शब्द आहे, पण तो तपासणीच्या खोलीत जिभेवर येत नाही. ‘जोखीम’ हा शब्द येतो, आणि तो अधिक योग्यही आहे. जोखमीची वस्तू म्हणजे जी हरवू शकते अशी, पण मौल्यवान म्हणूनच जपून न्यावयाची. शिवाय ‘जोखणे’ या क्रियापदाच्या शेजारी तो शब्द मराठी कानाला परका वाटत नाही. आणि जोखणे म्हणजे वजन करणे, मोजणे, पारखणे. पेनरोज यांनी तेच केले होते.

ज्या नात्यातील स्त्रीचा आरंभी उल्लेख केला, तिने पुढे स्वतःच आकडा विचारला. “शंभरात एक,” असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, “मग इतके दिवस तेवढेच का नाही सांगितलेत?” या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न म्हणून हा निबंध लिहिला आहे.